अंगठ्याची ओळ

दमयंतीवहिनी आमच्या घरी नेहमी मागच्या दाराने यायच्या. आम्ही तळमजल्यावर होतो आणि मागे कपडे वाळत घालायची जागा होती, तिथून. मासळीची पाटी त्या बाहेरच ठेवायच्या, वास घरात नको म्हणून. त्या शनिवारी भर दुपारी त्या आल्या, तेव्हा पाटीत अर्धी मासळी तशीच होती. धंदा टाकून आलेल्या त्यांना मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"जयप्रकाश हाय घरात?" त्यांनी विचारलं.

"आहे. काय झालं, वहिनी?"

त्या आत आल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. "माझा भाव आलता सकाळी. उद्या जासईला बोलवलंय मला. लोकांच्या म्होरं उभं राहून सांगायचं, ती ओळ माझी नाय. जयप्रकाशनं घातली."

कोणती ओळ, हे विचारावं लागलं नाही. तीन आठवडे आमच्या घरात त्या कॅसेटशिवाय दुसरा विषय नव्हता.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या डिसेंबरची. मी तेव्हा नेरूळच्या शाळेत शिकवत होते. आमचं कुटुंब मूळचं खेड तालुक्यातलं, बौद्धवाडीतलं. वडील गेल्यावर आई, मी आणि धाकटा भाऊ जयप्रकाश परळच्या एका खोलीतून नेरूळच्या नव्या वसाहतीत राहायला आलो. जयप्रकाश तुर्भ्याच्या कंपनीत क्लार्क होता. त्याला कविता करायचा नाद होता, आणि हप्त्यावर घेतलेला एक लहानसा कॅसिओ कीबोर्ड होता. सारसोळे गावातल्या रामचंद्र मेहेरशी त्याची ओळख बसस्टॉपवर झाली. रामदादा बेलापूर रस्त्यावरच्या केमिकल कंपनीत पाळीवर जायचा आणि लग्नाच्या हळदीत बेंजो वाजवायचा. त्याचा मित्र पोपट ढोलकी वाजवायचा. दमयंतीवहिनी रामदादाची बायको. माहेर जासई.

त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो वसाहतीच्या रस्त्यावर. "बोंबील, मांदेली" अशी हाळी त्या द्यायच्या, ती तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला गॅलरीत आणायची. जाडसर, खालच्या पट्टीतला आवाज होता, आणि शेवटचं अक्षर त्या लांबवायच्या नाहीत, तोडायच्या. जयप्रकाश म्हणायचा, या बाईला माईकची गरज नाही, माईकला या बाईची गरज आहे.

चौघांनी मिळून ग्रुप केला. नाव ठेवलं 'खारवारा'. हळदीत सिनेमाची गाणी वाजवायची आणि कोळीगीतांवर नाचवायचं, हे पोपटला आणि रामदादाला येतच होतं. पण जयप्रकाशने हट्ट धरला की कॅसेट काढायची तर सगळी गाणी आपली, चाली आपल्या. वर्षभर रविवारी आमच्या बाहेरच्या खोलीत तालीम चालायची. शेवटी चेंबूरच्या एका स्टुडिओत दोन दिवस जाऊन त्यांनी आठ गाणी रेकॉर्ड केली. कॅसेटचं नाव 'खाडीच्या अल्याड'. पाचशे प्रती निघाल्या. दिवाळीनंतर त्या वाशीच्या एका दुकानात, नेरूळच्या सलूनमध्ये आणि उरणकडच्या नाक्यांवर पोचल्या.

मग लोकांनी बोलायला सुरुवात केली.

सलूनवाला म्हणाला, गिऱ्हाईक विचारतं हे काय लावलंय, आणि दुसरं म्हणतं बंद करू नको. आमच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना भाषा खटकली. "पुस्तकात 'पाणी' शिकवायचं आणि कॅसेटवर 'पानी' ऐकायचं, मुलांनी काय लिहायचं?" असं त्यांनी मला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं. पनवेलच्या एका साप्ताहिकात चार ओळी छापून आल्या. गायिकेच्या आवाजात ताकद आहे, चाली कच्च्या आहेत, कॅसिओ कर्कश आहे. जयप्रकाशने ते कात्रण खिशात ठेवलं आणि दोन दिवस नीट जेवला नाही. दमयंतीवहिनींच्या सासूबाई धोंडूबाई गावात लग्नाची गाणी म्हणायला मानाने बोलावल्या जायच्या. त्यांनी आठही गाणी पाय पसरून शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "सून बरी गाते. पन ह्या गान्यांवर नवरा-नवरी कशी बसवायची?" पोपटचे भाऊबंद म्हणाले, नाचता येत नाही. वसाहतीतल्या बायकांना मात्र एक गाणं फार आवडलं. वरच्या मजल्यावरच्या बाई ते रोज लावायच्या. आमची आई, भिमाबाई, तेच गाणं ऐकताना भाजी निवडायची थांबायची. आमची खेडची दोन पट्टी जमीन कर्जापायी गेली होती. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही.

ते गाणं म्हणजे 'आबाची शेती'. खाडीकाठच्या खारीतल्या भातशेतीचं. ती शेती सरकारने नव्या शहरासाठी, बंदरासाठी घेतली त्याचं. दमयंतीवहिनींनी तालमीच्या वेळी माहेरच्या शेताविषयी जे सांगितलं त्यावरून जयप्रकाशने ते लिहिलं होतं. त्यात या ओळी होत्या:

खारीच्या बांधावं भरती आली,
आबाची पावलं वाहून गेली.
आबाच्या अंगठ्याला निळी शाई,
धुतली तरी ती जाईना बाई.

शेवटच्या दोन ओळी जयप्रकाशच्या नव्हत्या. स्टुडिओत गाणं तिसऱ्यांदा रेकॉर्ड होत असताना त्याच्या कागदावरच्या ओळी सोडून वहिनींनी या गायल्या. काचेपलीकडे बसलेल्या रेकॉर्डिंगवाल्याने अंगठा वर केला. जयप्रकाशला ओळी आपल्या ओळींपेक्षा चांगल्या वाटल्या. त्याने ठेवल्या. कॅसेटच्या कागदावर मात्र 'गीत: जयप्रकाश' एवढंच छापलं होतं.

"वहिनी, त्या ओळीत एवढं काय आहे?" त्या दुपारी जयप्रकाशने विचारलं.

वहिनींनी पदराने तोंड पुसलं आणि सांगायला लागल्या. 

बहात्तर साली त्या पंधरा वर्षांच्या होत्या. जमिनी घेण्याच्या नोटिसा गावोगाव येत होत्या. जासईत गावाने एकत्र बसून ठरवलं होतं की संमतीच्या कागदावर कोणी सही द्यायची नाही, अंगठा द्यायचा नाही. त्यांचे वडील जानू, म्हणजे गाण्यातले आबा, त्या बैठकीला पुढे बसले होते. भात कापून झालं आणि एक दिवस घरासमोर सरकारी जीप येऊन थांबली. घरात वडील आणि वहिनी, दोघंच होते. जीपमधल्या माणसाने सांगितलं, आज अंगठा दिलास तर मुलाला नोकरी लावतो, उद्या दिलास तर सांगता येत नाही. थोरला किसन मॅट्रिक होऊन, लग्न होऊन, एका मुलीचा बाप होऊनही तेव्हा घरीच बसला होता. वडिलांनी एकदा जीपकडे पाहिलं. मग हात पुढे केला.

"जीप गेली तशी मला बोलला, पानी आन. मी राख आनली, लिंबू आनलं. घासून घासून कातडं लाल झालं, पन शाई नखाच्या कडेला राहिली. मग त्यानं चिंधी बांधली. गावात सांगितलं, इळा लागला. आठ दिवस चिंधी बांधून फिरला. मला बोलला, दमे, ही गोष्ट तुझ्याकडं ठेव. मी ठेवली."

"आणि किसनभाऊंना नोकरी?" मी विचारलं.

"लागली ना. पनवेलला कचेरीत शिपाई. लोकांना सांगितलं परीक्षा देऊन लागली. त्यालाबी तेच ठाव असंल."

तोच किसन चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत रजा टाकून आंदोलनात रस्त्यावर बसला होता. त्या दिवसांत जासईकडे गोळीबार झाला, माणसं गेली. किसनच्या गुडघ्यावर काठी बसली आणि तेव्हापासून तो पाय ओढत चालायचा. गावात त्याला मान होता. येत्या जानेवारीत गेलेल्यांच्या स्मरणाचा कार्यक्रम होता आणि त्यात गावातर्फे किसनने बोलायचं ठरलं होतं.

आणि आता जासईच्या नाक्यावरच्या सदूच्या हॉटेलात ती कॅसेट वाजत होती. सदूचं आणि किसनचं पहिल्यापासून पटत नव्हतं. किसन ऑफिसला जायला नाक्यावर आला की सदू टेप थांबवायचा, मागे घ्यायचा आणि तेवढ्याच दोन ओळी लावायचा. पुन्हा मागे घ्यायचा, पुन्हा लावायचा. एसटी येईपर्यंत. एसटीला कधी दहा मिनिटं लागायची, कधी अर्धा तास. चहा पिणारे खाली बघत बसायचे. सतरा दिवस हे चाललं होतं. गाणाऱ्या बाईने स्वतःच्या बापाविषयी सांगितलंय, अजून काय पुरावा पाहिजे, असं सदू म्हणायचा. अंगठेवाल्याचा पोरगा आता आमच्या मेलेल्यांवर भाषण करणार, असंही म्हणायचा.

रविवारी त्यासाठीच बैठक होती.

"मग सांगा ना मी घातली म्हणून," जयप्रकाश लगेच म्हणाला. "कागदावर माझंच नाव आहे. मला काय फरक पडतो? मी जासईला कशाला जातोय?"

"तुला पडत नसेल, मला पडतो," मी म्हणाले.

माझा आवाज चढला होता. शाळेत माझ्या वर्गात सारसोळ्याची मुलं होती. त्यांच्या आया गेटवर मला काय विचारायच्या ते मला माहीत होतं. बिल्डिंगीतले लोक आमच्या शेतावर राहतात, हे त्या रागाने नाही, साधेपणाने म्हणायच्या, आणि ते खरंच होतं. त्यात आता असं पसरलं असतं की त्याच बिल्डिंगीतल्या एकाने गावच्या एका म्हाताऱ्याला खोटा डाग लावला. आणि तो 'एक' कोण, कुठल्या समाजाचा, हे कोणी ना कोणी विचारलंच असतं. तो प्रश्न कुठे जाऊन थांबतो हे आम्हाला कोणी शिकवायला नको होतं.

"किसनभाऊ काय म्हणाले, नेमकं सांगा," मी म्हणाले.

वहिनी जयप्रकाशकडे बघत नव्हत्या. "बोलला, तो कोन कुठला, आपल्या बापाविषयी लिवनारा. त्याच्यावर गेलं तर कोनाला काय वाटनार नाय."

आई आतून बाहेर आली होती. ती दारात उभी राहिली. वहिनींसमोर ठेवलेला चहा गार होत होता, त्यावर तिने बशी झाकली आणि परत आत गेली. ती काही बोलली असती त्यापेक्षा मला ते जास्त लागलं.

"मी काय करू, मीना?" वहिनींनी विचारलं. "खोटं बोलले तर हा पोर जातो. खरं बोलले तर माझा भाव जातो. आन बापूस तर गेलाच हाय, त्याची अब्रू हाय फक्त."

 मी एवढंच म्हणाले की उद्या मी तुमच्याबरोबर येते.

रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो, वहिनी, रामदादा आणि मी. जयप्रकाशला यायचं होतं. रामदादाने त्याला स्टॉपवरून परत पाठवलं. उरण फाट्याला एसटी बदलली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भरावाची लाल माती, ट्रक, आणि मध्येच एखादा न भरलेला खाजणाचा, खाऱ्या दलदलीचा तुकडा. रामदादा वाटेत एकदाच बोलला. "दमयंती, मला ती ओळ पहिल्यापासून नको होती. चालीत बसत नव्हती."

"आता सांगतो होय?" वहिनी म्हणाल्या.

"तवा बोललो असतो तर तू ऐकलं असतं?"

त्यांनी मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं.

नाक्यावर उतरलो तेव्हा सदूचं हॉटेल बंद होतं. तो बैठकीला गेला होता. देवळाच्या मंडपात पन्नासेक माणसं होती. बायका एका बाजूला, खांबांच्या मागे. मला कोणी काही विचारलं नाही, पण माझ्याभोवती थोडी जागा मोकळी राहिली. पुढे शिवराम नावाचे म्हातारे बसले होते. बैठक तेच चालवत होते. किसन त्यांच्या शेजारी, पाय लांब करून. त्याने बहिणीला पाहिलं आणि नजरेनेच पुढे ये म्हणाला.

कार्यक्रमाचं बोलणं झालं. मंडप कोणी घालायचा, पाणी कोणी भरायचं. मग सदू उठला.

"भाषनाचं नक्की करा आधी. त्या कॅसेटचं काय ते होऊन जाऊ दे."

किसन बसूनच म्हणाला, "माझी भैन आलीय. ती सांगल." आवाज शांत होता, पण त्याचे दोन्ही हात गुडघ्यावर घट्ट होते.

वहिनी उठल्या. मासळी विकताना चार इमारतींना ऐकू जाणारी ती बाई उभी राहिली आणि तिचा आवाज निघेना.  मला वाटलं आता त्या जयप्रकाशचं नाव घेणार. खरं सांगायचं तर तेव्हा मी त्यांना दोष दिला नसता, आणि माफही केलं नसतं.

"गानं जयप्रकाशनं लिवलं," त्या म्हणाल्या.

किसनने श्वास सोडला. सदू काहीतरी बोलायला लागला.

"थांब," वहिनी म्हणाल्या. "गानं त्यानं लिवलं. ती ओळ माझी. त्याला तर तिचा अर्थबी म्हाईत नवता. माझ्या बापानं अंगठा दिला. मी होते तिथं."

"दमे," किसन म्हणाला.

"मी शाई धुतली, दादा."

"बस खाली, दमे."

त्या बसल्या नाहीत. जीप, राख, लिंबू, सगळं त्यांनी सांगितलं. किसनच्या नोकरीपाशी येऊन त्या अडखळल्या. भावाकडे पाहिलं. आणि तेही सांगितलं. चिंधीचं सांगितलं तेव्हा शिवरामबुवांनी डोकं वर केलं.

"इळा लागला होता," ते म्हणाले. "मला आठवते ती चिंधी. मीच घरातून हलद दिलती त्याला लावाला. दोनदा दिली." ते आपल्या हातांकडे बघत राहिले. "माझ्याशी खोटा बोलला जानू."

"म्हंजे खरं हाय," सदू म्हणाला. "मी काय वेगळं सांगत होतो?"

कोणी त्याला दुजोरा दिला नाही, आणि कोणी गप्पही केलं नाही. तेवढ्यात खांबामागून एक बाई बोलली. सुंदराबाई त्यांचं नाव, हे मला नंतर कळलं. त्या उठल्या नाहीत, बसल्या बसल्याच म्हणाल्या, "त्या साली आमच्या घरीपन चिंधी होती. कोनाच्या हाताला ते मी नाय सांगनार. तुमी घरी जाऊन आपापल्या म्हाताऱ्यांना इचारा."

मंडपात कुजबुज सुरू झाली. एकाने तिला गप्प बसायला सांगितलं. दुसऱ्याने त्यालाच गप्प केलं. माझ्या शेजारी एक तरुण बाई रडत होती, आणि तिच्या पलीकडची म्हणत होती की कॅसेटवर घालायची गोष्ट आहे का ही. मागे उभा असलेला एक मिशीवाला माणूस पुढे आला आणि वहिनींना म्हणाला, अगदी समजुतीच्या सुरात, "बाय, तुझं गानं चुकीचं हाय. खरं असलं तरी चुकीचं हाय. आमच्यातला कोन कवा वाकला, ह्याचं गानं आमच्यावर जुलूम करनाऱ्यांना पायजेच हाय."

"मग मी काय गायचं होतं?" वहिनींनी विचारलं.

"ते मला नाय ठाव. मी गात नाय."

किसन उठला. उठताना त्याने हाताचा आधार घेतला नाही, त्यामुळे वेळ लागला. "जानेवारीत मी बोलनार नाय," तो म्हणाला. "दुसरा मानूस बघा." आणि पाय ओढत तो मंडपाबाहेर गेला. शिवरामबुवांनी त्याला थांबवलं नाही.

वहिनी त्याच्या मागे धावल्या. मी त्यांच्या मागे. देवळाच्या कडेला चपलांचा ढीग होता, त्यात किसन आपल्या चपला शोधत होता.

"दादा, तुला ठाव नवतं ना," वहिनी म्हणाल्या. "म्हनून मला सांगायला लागलं."

"मला ठाव होतं."

वहिनी थांबल्या.

"नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या महिन्यात फायली लावत होतो. आबाचा कागद होता. अंगठा होता, खाली तारीख होती. त्याच्याच बाजूला माझा अर्ज टाचलेला." तो चपलांकडे बघूनच बोलत होता. "आबाला मी कवा बोललो नाय. तो मरेपर्यंत नाय. चवदा वर्सं मी एकटा घेऊन बसलो होतो. रस्त्यावर बसलो, काठी खाल्ली, ती कशासाठी? ते फेडाला. आन तू त्याचं गानं केलंस आन गावभर वाटलंस."

"मला कोनाशी बोलायला नवतं, दादा. तुझ्याशीबी नाय."

"माझ्याशी बोलायचं होतं."

"आन तू?"

किसनला चपला मिळाल्या. त्याने त्या पायात घातल्या आणि माझ्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. "तुमी त्याच्या भैन का? गानं लिवनाऱ्याच्या?"

"हो," मी म्हणाले.

तो वळून घराकडे निघून गेला. वहिनी त्याच्या मागे गेल्या नाहीत. माहेरच्या घरावरून एसटीला जायचा रस्ता होता. आम्ही दुसऱ्या वाटेने नाक्यावर आलो.

परत येताना त्यांनी एकदाच विचारलं, "मी बरोबर केलं का, मीना?" मी हो म्हणाले. माझा भाऊ सुटला होता, मी दुसरं काय म्हणणार होते? त्यांना ते समजलं असावं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

सदूने नंतर ती कॅसेट वाजवणं सोडून दिलं. आता टोमणा मारायला त्यात काही उरलं नव्हतं. जानेवारीच्या कार्यक्रमाला वहिनी गेल्या होत्या. किसन गर्दीत मागे उभा होता. दोघांच्या मध्ये पंचवीस-तीस माणसं होती, आणि कार्यक्रम संपल्यावर दोघं दोन दिशांना गेले. सुंदराबाई मात्र गर्दीतून वाट काढत वहिनींपाशी आल्या, त्यांचा हात धरला आणि सोडला.

वाशीच्या दुकानदाराने आणखी प्रती मागितल्या. ते गाणं वसाहतींमधून चाललं होतं. ज्यांना त्या ओळीचा अर्थ माहीत नव्हता त्यांना ती गोड वाटत होती, आणि ज्यांना माहीत होता ते कॅसेट घरात ठेवत नव्हते. रामदादा म्हणाला, दुसऱ्या खेपेला ती ओळ काढू. पोपट म्हणाला, गाणंच काढा आणि एक कोळीगीत टाका, लोक नाचतील तरी. जयप्रकाश म्हणाला, वहिनी सांगतील तसं. आमच्या बाहेरच्या खोलीत त्यावरून दोन रविवार भांडण झालं. पोपट तावातावाने म्हणाला की एका ओळीपायी वर्षभराची मेहनत गेली, आणि जयप्रकाशने रागाने कॅसिओची पेटी बंद केली. वहिनी म्हणाल्या, "ओळ काढली तर मी गानार नाय. ठेवली तरी आता माझ्याच्यानं गाववनार नाय."  दुसरी खेप निघाली नाही. पोपट एका मोठ्या ऑर्केस्ट्रात गेला. रामदादा हळदीत बेंजो वाजवत राहिला. जयप्रकाशने पुढे गाणी लिहिली नाहीत असं नाही, पण कोणाला दाखवली नाहीत.

वहिनींच्या वाट्याला दोन्ही प्रकारचे लोक येत राहिले. मासे घेता घेता एखादी बाई म्हणायची, तुम्हीच का त्या, माझ्या आईला तुमचं गाणं फार आवडतं. सारसोळ्याच्याच एका घराने त्यांच्याकडून मासळी घेणं बंद केलं. त्या घरातल्या म्हाताऱ्याच्या हाताविषयीही कोणी काही विचारलं असेल. वहिनी दोघांनाही उत्तर द्यायच्या नाहीत. त्यांची हाळी तशीच राहिली.

जासईहून दोन वर्षं काही आलं नाही. ना दिवाळीला, ना धोंडूबाई वारल्या तेव्हा. त्या दिवसांत वहिनी कधी माझ्याकडे मागच्या दारी पाटी ठेवून बसायच्या आणि भावाचं नाव न घेता म्हणायच्या, थंडीत गुडघा दुखत असेल.

एकोणनव्वदच्या एप्रिलमध्ये किसन सारसोळ्याला आला. मी त्या दिवशी तिथे होते, रामदादाच्या मुलीचा निकाल द्यायला गेले होते. त्याच्या हातात मुलीच्या लग्नाच्या पत्रिका होत्या. तो ओटीवर बसला. पाणी प्यायला. पत्रिकेवर हळदकुंकू लावून त्याने ती रामदादाच्या हातात दिली. मग वहिनींकडे बघून म्हणाला, "हलदीला ये. गायला नको. बसायला ये."

वहिनी मान हलवून हो म्हणाल्या. त्याने चहा घेतला नाही, उन्हाचं कारण सांगितलं. निघताना मला म्हणाला, "तुमीपन या. भावालाबी आना." जयप्रकाश गेला नाही, मी गेले.

हळदीला वहिनी किसनच्या बायकोशेजारी बसल्या. तांदूळ निवडले, नवरीच्या पायांना हळद लावली. दोन-तीन बायकांनी त्यांना एक गाणं म्हणायचा आग्रह केला. एकीने मुद्दाम विचारलं, ते शाईचं म्हण की. वहिनी म्हणाल्या, आज मी बसायला आलेय. दुसऱ्या बायका गायला लागल्या तेव्हा त्या टाळी देत राहिल्या. किसन कामात होता, मंडपात येऊन-जाऊन होता. दुपारी तो बायकांच्या बाजूला आला, थोडा वेळ उभा राहिला आणि बहिणीला विचारलं, "जेवलीस का?"

"नाय अजून."

"मग चल. पान वाढलंय."

त्या उठल्या आणि त्याच्या मागे गेल्या. तो हळू चालत होता, म्हणून त्याही हळू चालल्या.